चाकूरचा जवान माजी सैनिक का नाही?

औशात लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, बीएड आहे, तेव्हा सरकारी मराठी मला येत असणारच, असा मोहल्ल्याचा समज आहे. मागच्या महिन्यात गल्लीतले एक चाचा आले. वय पंचाहत्तरच्या पुढे. प्लास्टिकच्या पिशवीत नोकरीचे कागद, पेन्शनचा पीपीओ आणि एक मेडल. नातवाच्या फॉर्मसाठी माजी सैनिकाचा दाखला हवा होता. एका कार्यालयाच्या खिडकीवरच्या माणसाने कागद चाळले, "बीएसएफ? तुम्ही माजी सैनिकात बसत नाही," म्हणून परत दिले. तो माणूस नियमाने चुकला नव्हता. अडचण तीच आहे.

चाचा मला म्हणाले, "सर, हम फौजी नै बोलते. फिर अठ्ठावीस साल सरहद पे हम क्या कर रै थे?"

उत्तर शोधायला बसलो. केंद्राच्या १९७९ च्या नियमांनुसार माजी सैनिक म्हणजे लष्कर, नौदल आणि हवाई दलातून निवृत्त झालेला. सीमा सुरक्षा दल आणि सीआरपीएफ गृह मंत्रालयाच्या ताब्यात, म्हणून ते बाहेर. पण १९६८ चा बीएसएफचा कायदा या दलाला संघराज्याचे सशस्त्र दल म्हणतो. सीआरपीएफचा १९४९ चा कायदाही त्या दलाला सशस्त्र दलच म्हणतो. म्हणजे बंदूक देताना सशस्त्र दल आणि सवलत देताना पोलीस.

आता युद्धाचे बोलू, कारण "खरी लढाई लष्कर लढते" हे वाक्य मी स्टाफरूममध्येही ऐकले आहे. ९ एप्रिल १९६५ ला कच्छच्या रणात सरदार पोस्टवर पाकिस्तानी ब्रिगेडचा हल्ला झाला. तो थोपवणारे सीआरपीएफच्या दुसऱ्या बटालियनचे जवान होते. त्या वर्षाच्या अनुभवावरूनच सीमेसाठी वेगळे दल हवे असे ठरले आणि १ डिसेंबर १९६५ ला बीएसएफ उभे राहिले. ते उभे करणारे के. एफ. रुस्तमजी आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. सहा वर्षांत १९७१ चे युद्ध आले. बीएसएफच्या तुकड्या लष्कराच्या हुकमतीखाली लढल्या. असिस्टंट कमांडंट राम कृष्ण वाधवा यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. महावीर चक्र देताना कोणी विचारले नाही की हे कोणत्या मंत्रालयाचे. गोळीनेही विचारले नव्हते.

आपल्या जिल्ह्याला हे परके नाही. चाकूरला बीएसएफचे प्रशिक्षण केंद्र आहे, लातुरात सीआरपीएफचे, नांदेडला मुदखेडमध्येही सीआरपीएफचे. मराठवाड्यात ओलिताखालची जमीन थोडी आणि कारखाने त्याहून थोडे. भरती निघाली की पोरे पहाटे रस्त्यावर धावतात. त्यात आमच्या मोहल्ल्यातलीही असतात. आर्मी की बीएसएफ, हे पोरगा निवडत नाही; जिथे नंबर लागेल तिथे जातो. त्या एका नंबरावर त्याचे म्हातारपण कोणत्या रकान्यात जाणार हे ठरते.

आक्षेप आहेत, आणि त्यातला एक खरा आहे. लष्करातला शिपाई चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो, बीएसएफवाला पूर्ण नोकरी करतो. म्हणून राज्याच्या नोकऱ्यांतले माजी सैनिकांचे १५ टक्के आरक्षण मी मागत नाही. ते लवकर निवृत्त होणाऱ्यांसाठी आहे, त्यांचेच राहू द्या. पण घरपट्टीची माफी, मुलांच्या शिक्षणाची मदत, दवाखाना, विधवेला दाद मागायला एक हक्काचे कार्यालय, यांचा निवृत्तीच्या वयाशी संबंध काय? राज्याने माजी सैनिकांना घरपट्टी माफ करणारी योजना आणली, चांगले केले. चाचांचे घर त्याच गल्लीत आहे आणि ते त्या शब्दात बसत नाहीत.

"यांना पेन्शन आहेच की," असेही म्हणतात. चाचांना आहे. १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. लष्कराला मात्र त्यातून वगळले. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही दलेही सशस्त्र दलेच आहेत, जुनी पेन्शन द्या, असे सांगितले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि स्थगिती घेऊन आले.

आणि "एकदा दार उघडले की बोगस घुसतील". हे मराठवाड्यात बोलणाऱ्याला मी दोष देणार नाही. बीडच्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. पण तिथे पुरावा साक्षीदारांच्या आठवणीवर होता. इथे प्रत्येकाचा फोर्स नंबर आहे, पीपीओ आहे, सर्व्हिस बुक आहे. बोगस बीएसएफवाला कसा तयार करणार? आणि मुक्तिसंग्रामात आपणच व्याख्या रुंद केली होती ना? सरहद्दीवरच्या कॅम्पांत राबलेल्यांनाही स्वातंत्र्यसैनिक मानले. ते योग्यच होते.

केंद्राच्या गृह मंत्रालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये या निवृत्तांना 'माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी' असे नाव दिले आणि माजी सैनिकांसारख्या सवलतींचा विचार करा, असे राज्यांना कळवले. हरियाणाने खात्याचे नावच 'सैनिक व अर्धसैनिक कल्याण' केले. महाराष्ट्राला कोणी अडवले आहे? पुलवामात बुलढाण्याचे दोन जवान गेले तेव्हा मंत्री रांगेत उभे होते. ते दोघे सीआरपीएफचे होते. मेलेला जवान आपला आणि जिवंत परत आलेला गृह मंत्रालयाचा, असा हा हिशेब आहे.

मुस्लिम वाचकांना एक सांगतो. भाषणात आपण वीर अब्दुल हमीद यांचे नाव घेतो, टाळ्या घेतो आणि गल्लीतल्या चाचांना विसरतो. ही मागणी मुसलमानांसाठी नाही, त्या यादीत शिंदे, कांबळे, राठोड, शेख सगळे आहेत. म्हणूनच ती आपण मोठ्याने करायला हरकत नाही.

अर्ज लिहून झाला. राज्याच्या सैनिक कल्याणाच्या शासन निर्णयांत 'माजी सैनिक' या शब्दापुढे 'व माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी' एवढे शब्द जोडावेत, इतकीच मागणी. चाचांनी खाली उर्दूत सही केली, मग कंसात मराठीत नाव, त्याखाली फोर्स नंबर. प्रत आमदारांना दिली आहे. तुमच्या गावातल्या निवृत्तांसाठी असा अर्ज हवा असेल तर मजकूर घेऊन जा, हवा तसा बदला.