गव्हातले गुलाबी फूल: फुलाखालचा कप हाताने चाचपून पाहा

परतवाडा-अचलपूर भागात गव्हाची पेरणी जवळ आली की स्वस्त म्हणून विना-टॅगचे, परराज्यातले बियाणेही घेतले जाते. त्यात मिसळून काय येते, ही माझी काळजी आहे. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आले, आयात धान्यासोबत आले असे मानतात. पुढचे तुम्ही धुऱ्यावर पाहताच.

व्हॅकारिया हे असेच परके, एका हंगामाचे तण. पॉलिहाऊसमधल्या कार्नेशनच्या कुळातले; उत्तर भारतात ते गव्हात आढळते. पाने समोरासमोर, बिनदेठाची, गुळगुळीत, निळसर हिरवी, बुडाशी खोडाला बिलगलेली. फूल पाच पाकळ्यांचे, गुलाबी. त्याखालचा फुगीर हिरवा कप बोटांत धरा, पाच उभ्या धारा लागतात. खात्रीची खूण हीच. जवसाची पाने अरुंद आणि एकाआड एक असतात, फूलही बहुधा निळे, तेव्हा गोंधळ नको.

बी काळे, गोल, गव्हापेक्षा बारीक, म्हणून चाळणीने बरेचसे निघते. त्यात फेस करणारे सॅपोनिन असते. ते खाण्याच्या गव्हात नको. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळा टॅग पाहूनच घ्या.

शेतात दिसलेच तर बी धरण्याआधी उपटा. गव्हातील रुंद पानांच्या तणांसाठी मेटसल्फ्युरॉन मिथाइल वापरतात, मात्रा लेबलप्रमाणेच. पण आंतरपीक हरभरा असेल तर फवारू नका, हरभराही रुंद पानांचाच. ओळख पटली नाही तर फुलासह, मुळासह झाड कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.