एव्हरेस्टला जायचंय? आधी परत यायला शिका

सध्या माझा मुक्काम पापनाशमला आहे. तंजावरहून कुंभकोणमला जाताना लागणारं हे गाव. एनसीसीच्या कॅम्पसाठी दहा दिवस इथल्या एका शाळेत तळ ठोकलाय. चहूकडे कावेरीच्या फाट्यांवर पोसलेली भातशेती, आणि जमीन अशी सपाट की सायकलवर बसलं तरी उंच गेल्यासारखं वाटावं. समुद्रसपाटीपासून पन्नास मीटरही उंची नसेल. अशा ठिकाणी बसून हिमालयावर लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण परवा रात्री पुण्याहून आतेभावाचा फोन आला.

"दादा, पुढच्या सीझनला एव्हरेस्ट करतोय. एका कंपनीशी बोलणं झालंय. तू फौजी माणूस, जरा सांग, कंपनी बरी आहे का?"

वय एक्केचाळीस. आयटीत मॅनेजर. सिंहगड दर रविवारी, दोन मॅरेथॉन, आणि एव्हरेस्टच्या बेस कॅम्पचा ट्रेक एकदा. गिर्यारोहणाचा एकही कोर्स नाही. क्रॅम्पॉन पायात घातलेले नाहीत. पैशांसाठी फ्लॅटवर कर्ज काढायची तयारी. मी विचारलं, "शिखर शंभर मीटरवर असताना शेर्पा म्हणाला परत फिरा, तर फिरशील?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "अरे, एवढे पैसे भरल्यावर..."

हे वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. त्या अर्ध्या वाक्याबद्दलच मला भांडायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शेर्पांच्या मदतीने, दोर लावून, ऑक्सिजन घेऊन चढणाऱ्यांना मी हिणवत नाही. १९६५ साली कॅप्टन कोहलींच्या तुकडीतले नऊ जण एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हाही शेर्पा होतेच. त्या नऊ जणांतले नवांग गोम्बू तर एव्हरेस्टवर दोनदा पोहोचणारे जगातले पहिले माणूस. आम्ही फौजी सरकारी पैशाने चढतो, तुम्ही स्वतःच्या. त्यात तुमचं काही चुकत नाही. उलट स्वतःच्या कमाईचे पैसे लावणाऱ्याला माझा सलामच.

माझा आक्षेप वेगळा आहे. कंपनी तुम्हाला तंबू देते, दोर देते, सिलिंडर देते, वर नेणारा माणूस देते. पण आठ हजार मीटरवर सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट लागते ती म्हणजे स्वतःच्या शरीराची खरी ओळख. ती बरोबर घेऊनच जावं लागतं. शिखरावर हवेचा दाब इथल्या तुलनेत एक तृतीयांश. तिथे मेंदू पहिल्यांदा फितूर होतो. ज्याने आधी कधी त्या फितुरीचा अनुभव घेतलेला नाही, त्याला ती उत्साह वाटते.

फौजेत जवानाला उंचीवर पाठवताना काय करतात ते सांगतो. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस. बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस. त्यावर जायचं तर आणखी चार. चोवीस वर्षांचा, रोज पाच किलोमीटर पळणारा जवान असला तरी यात सूट नाही. कर्नल साहेबांनाही नाही. कारण फिटनेस आणि उंची यांचा संबंध लोकांना वाटतो तेवढा नसतो.

आता कबुली. गावाचं नाव पापनाशम. इथल्या देवळात एकशे आठ शिवलिंगं आहेत, रामाने पापक्षालनासाठी स्थापिली अशी श्रद्धा. तेव्हा माझंही एक पाप इथेच सांगून टाकतो. मी तरुण कॅप्टन असताना एका गस्तीवर होतो. खिंड समोर दिसत होती, तासाभराची चाल. माझ्या एका जवानाने दोनदा सांगितलं, "साहब, पैर सुन्न है." मी म्हणालो, "बस, थोडा और." खडकवासल्यात तीन वर्षं 'हार मानायची नाही' हेच अंगात मुरवलेलं. खिंड गाठली, फोटो काढला. त्या जवानाच्या पायाची दोन बोटं गेली. मला कोणी जाब विचारला नाही, उलट शाबासकी मिळाली. तो फोटो मी आजवर कुठे लावलेला नाही.

म्हणून मला परत फिरलेल्यांबद्दल जास्त आदर आहे. १९६० साली ब्रिगेडियर ग्यानसिंग यांच्या मोहिमेत नरेंद्र कुमार, सोनम ग्यात्सो आणि नवांग गोम्बू २८,३०० फुटांपर्यंत गेले. शिखर सातशे फुटांवर. हवा बिघडली, परत फिरले. १९६२ साली मेजर जॉन डायस यांच्या मोहिमेतले तिघे साधारण चारशे फुटांवरून परत आले, त्यात कोहली होते. तेच कोहली १९६५ साली नेते, आणि कुमार उपनेते. ही माणसं दोनदा परत फिरली म्हणून तिसऱ्यांदा जायला जिवंत होती. देशाच्या पहिल्या यशाचा पाया दोन 'अपयशी' मोहिमांनी घातला.

आपल्याकडचं उदाहरण बघा. २०१२ साली उमेश झिरपेंच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमीने एव्हरेस्ट केलं. त्याआधी या मंडळींची कित्येक वर्षं सह्याद्रीत आणि हिमालयातल्या लहान शिखरांवर गेली होती. म्हणूनच पुढे एकामागून एक आठहजारी शिखरं झाली, २०१९ साली कांचनजंगावर एकाच मोहिमेतले दहा जण पोहोचले.

त्याच २०१९ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर काय झालं तेही आठवा. नेपाळने ३८१ परवाने दिले होते. शिखराखालच्या धारेवर माणसांची रांग लागलेला तो फोटो जगभर गेला. त्या मोसमात अकरा जण गेले. त्यात पुण्याचा सत्तावीस वर्षांचा एक तरुण होता आणि ठाण्याच्या एक बाई होत्या. त्यांच्या तयारीबद्दल मला एक अक्षरही बोलायचं नाही. पण तयारीच्या माणसालाही रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागलं तर काय होतं, ते त्यावर्षी दिसलं. आणि रांग कशाने लांबते? पुढे दोरावर कोणीतरी क्रॅम्पॉन कसे टाकायचे ते तिथेच शिकत असतो. आपल्या अर्धवट तयारीची किंमत मागचा माणूस मोजतो.

शेर्पाही मोजतो. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू हिमप्रपातावर हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार मेले. ते आपल्यासारख्यांचं सामान वर वाहत होते.

मग दोष कोणाचा? कंपन्यांचा आहेच, पण आधी आपला. पुणे पोलिसांतल्या एका दाम्पत्याने २०१६ साली एव्हरेस्ट केल्याचा दावा केला. फोटो बनावट निघाले, नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली, पुढे नोकरीही गेली. सगळे त्यांना हसले. मला हसू आलं नाही. शिखर गाठलं तर चौकात फ्लेक्स, शाल, श्रीफळ, आमदारांच्या हस्ते सत्कार, आणि शंभर मीटरवरून शहाणपणाने परतलेल्याला "अरेरे, थोडक्यात हुकलं." असा हिशेब आपणच मांडून ठेवलाय. परत आलेल्याचा एक तरी फ्लेक्स पाहिलाय कोणी?

कॅम्पवर मदतीला येणारे इथलेच एक निवृत्त सुभेदार आहेत. मद्रास रेजिमेंटचे, आता भाताची शेती करतात. त्यांना ही फोनची हकीकत सांगितली. ते ग्लेशियरवर राहून आलेले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "साहब, ऊपर से पार्टी आती थी तो सीओ साहब ये नहीं पूछते थे कितना ऊपर गया. गिनती करते थे."

आतेभावाला मी काल फोन केला. सांगितलं, कंपनी बरी की वाईट हे मी सांगणार नाही. उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेत बेसिक कोर्स कर. चार आठवडे लागतील, एव्हरेस्टच्या खर्चापुढे फी किरकोळ. तिथे 'ए' ग्रेड मिळाली तरच अ‍ॅडव्हान्स्डला घेतात, ती मिळव. मग आपल्याच हिमालयातलं एखादं सहाहजारी, नंतर सतोपंथसारखं सातहजारी शिखर. यात कुठेतरी एकदा परत फीर. घरी येऊन बायको-पोरांना ताठ मानेने सांग की परत फिरलो. हे जमलं की फ्लॅट गहाण टाकायचा विचार कर.

तो म्हणाला, "दादा, यात चार वर्षं जातील रे."

मी म्हणालो, "जातील. परत फिरलास तर स्टेशनवर हार घेऊन मी येईन."

तो काही बोलला नाही. फोन मात्र त्याने लगेच ठेवला नाही.