नोंद दुरुस्त करून घ्या, साक्षीदार आहेत तोवर

सौंदड, सडक अर्जुनी, साकोली आणि अर्जुनी मोरगाव परिसरातले माजी सैनिक, त्यांच्या पत्नी आणि मुले-नातवंडे यांच्यासाठी हे आवाहन आहे.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली आणि सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या हाती आले. त्या लढाईत विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६५ च्या लढाईतले सैनिक तर ऐंशी ओलांडून गेले. सौंदड स्टेशनवरून छोट्या लाईनच्या गाडीने गोंदिया गाठून पलटणीत गेलेली ही पिढी आहे. सीमेवर राहूनही आपले पदक मिळाले नाही, असे यांतले कुणी कुणी आजही घरच्यांना सांगतात. कुणाच्या डिस्चार्ज बुकात लढाईची नोंदच नाही, कुणाचे नाव चुकले आहे, कुणाचा सेना क्रमांक एका आकड्याने वेगळा पडला आहे. घरचे ऐकून घेतात आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू देऊ नका. ही नोंद दुरुस्त होऊ शकते. मात्र ती कशी करून घ्यायची हे माहीत हवे, आणि ज्यांनी पाहिले ती माणसे हयात असतानाच हात घालायला हवा.

आधी एक फरक नीट लक्षात घ्या. लष्कराची पदके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार शौर्यपदकांचा : परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना पदक. यांच्यासाठी कमांडरला शिफारस करावी लागते. ती वरच्या मुख्यालयांतून छाननी होत दिल्लीला जाते आणि मंजूर झाल्यावर नाव राजपत्रात छापले जाते. पन्नास वर्षांनी अर्ज करून नवे शौर्यपदक मिळवणे जवळजवळ अशक्य आहे. तसे आश्वासन कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा प्रकार सेवा आणि मोहिमेच्या पदकांचा. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक, सियाचीनसाठी सियाचीन ग्लेशियर पदक, कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय पदक. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांसाठी पराक्रम पदक वेगळे आहे. या पदकांच्या अटी सरकारने लेखी ठरवलेल्या आहेत. अमुक तारखांच्या दरम्यान तुमची तुकडी अमुक क्षेत्रात होती आणि तुम्ही तिच्याबरोबर होता, एवढे सिद्ध झाले की पदकाचा हक्क तयार होतो. समर सेवा स्टारसाठी ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ हा काळ धरतात. ५ ऑगस्ट १९६५ ला सेवेत असलेल्या आणि १८० दिवसांची सेवा झालेल्या जवानाला, तो आघाडीवर नसला तरी, रक्षा पदक लागू होते. इथे कुणाची मर्जी लागत नाही, पुरावा लागतो. आपले बहुतेक अर्ज याच दुसऱ्या प्रकारात बसतात.

मग चूक होते कुठे? जवानाच्या नोकरीतली प्रत्येक गोष्ट, म्हणजे बदली, बढती, लग्न, जखम, पदक, ‘पार्ट टू ऑर्डर’ने नोंदली जाते. शेतीच्या व्यवहारात फेरफार झाल्याशिवाय सातबारावर नाव चढत नाही, तसेच पार्ट टू ऑर्डर निघाल्याशिवाय सेवापुस्तकात काही चढत नाही. लढाईच्या धामधुमीत जवान इस्पितळात असतो, दुसऱ्या तुकडीला जोडलेला असतो किंवा लढाई संपताच त्याची बदली होते. जुनी तुकडी समजते नवी तुकडी नोंद करील, नवी समजते जुनीने केली असेल. मधल्या मध्ये जवानाचे नाव राहून जाते.

एवढ्या मोठ्या लष्करात अशी चूक कशी होईल, असे वाटत असेल तर कारगिल आठवा. टायगर हिलवर लढलेले ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांना परमवीर चक्र जाहीर झाले ते मरणोत्तर म्हणून. प्रत्यक्षात ते जखमी अवस्थेत इस्पितळात उपचार घेत होते. त्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता आणि नावाच्या साम्याने घोटाळा केला. देशाच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या बाबतीत हे घडू शकते, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या एका शिपायाच्या नोंदीत का घडणार नाही? तेव्हा चूक सांगायला संकोच करू नका.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी भरती झालेल्यांच्या कागदांवर जिल्हा भंडारा आहे, आणि सौंदडसारख्या गावांपुढे तालुका साकोली. आधार कार्डावर मात्र तालुका सडक अर्जुनी, जिल्हा गोंदिया. लांबच्या रेकॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसे वाटू शकतात. त्यात नाव लिहिण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या : कागदावर कधी आडनाव गळते, कधी वडिलांचे नावच आडनाव होते, कधी ‘सीताराम’चा ‘सिताराम’ होतो. दोन्ही पत्ते एकाच गावाचे आहेत आणि दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, असे तहसील कार्यालयाचे प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र अर्जासोबत आधीच जोडा. पुढचे कित्येक महिने वाचतील.

आता कामाचा क्रम सांगतो.

पहिले काम घरातच करायचे आहे. पेटी उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पी.पी.ओ., इस्पितळातून सुट्टी मिळाल्याचे कागद, जुनी पत्रे, पलटणीतले फोटो, आधी मिळालेली पदके बाहेर काढा. पदकाच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला क्रमांक आणि नाव कोरलेले असते. ते डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहा. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स करा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मूळ कागद कुणाच्याही हाती देऊ नका, टपालाने तर मुळीच पाठवू नका.

दुसरे काम, आजोबांना शांतपणे बसवून विचारणे आणि लिहून घेणे. कोणती पलटण, कोणती कंपनी, कमांडर कोण, कोणत्या महिन्यात कुठे होते, जखम झाली तर कोणत्या इस्पितळात नेले, शेजारी कोण होते. तारीख आठवत नसेल तर सण, हंगाम विचारा. धान कापणीच्या वेळी तार आली होती की होळीच्या सुट्टीत, यावरूनही महिना सापडतो. अंदाज असेल तिथे ‘अंदाजे’ असेच लिहा. आठवणीत नसलेले भरून काढू नका. एक खोटी ओळ सगळ्या अर्जाचा विश्वास घालवते.

तिसरे काम सोबत्यांचा शोध. त्याच तुकडीत असलेल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रे फार मोलाची असतात. त्या वेळचा एखादा अधिकारी किंवा सुभेदार हयात असेल तर त्यांचे पत्र आणखी वजनदार. हेच साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

चौथे काम अर्ज. तो जातो आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड मध्य प्रदेशात सागरला आहे, गार्ड्सचे आपल्या जवळ कामठीला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ई.एम.ई.चे सिकंदराबादला. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत, एका पानाचा असावा. वर सेना क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी, भरतीची आणि निवृत्तीची तारीख. मग तीनच गोष्टी : नोंदीत काय आहे, काय असायला हवे आणि त्याचा पुरावा कोणता. आपल्यावर किती अन्याय झाला हे पानभर लिहू नका. फाईल वाचणाऱ्याला तारीख आणि तुकडी हवी असते. अर्जाची एक प्रत आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि त्यांच्या शिफारशीसह अर्ज पुढे पाठवायला सांगा. टपाल नोंदणी करूनच पाठवा आणि पावती जपा.

उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरा. २००५ च्या कायद्यानुसार १० रुपये शुल्क भरून आपल्या सेवानोंदीची आणि संबंधित पार्ट टू ऑर्डरची प्रत मागता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. ते मिळाले नाही किंवा पटले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.

‘कागदपत्रे नष्ट झाली’ असेही उत्तर येऊ शकते. पेन्शन न मिळवता सुटलेल्या जवानांची सेवाकागदे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात, हे खरे. पण ‘लाँग रोल’ नावाची नोंदवही कायम जपली जाते. तिचा उतारा मागा. तुकडीचे युद्धाच्या काळातले दस्तऐवज वेगळे असतात, त्यांचाही उल्लेख करा. अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या सैनिकी दप्तराला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून अधिक फायली जळाल्या. तिथल्या सैनिकांच्या नोंदी पगाराचे कागद, तुकड्यांचे रोजचे अहवाल आणि सोबत्यांच्या साक्षी जुळवून पुन्हा उभ्या केल्या गेल्या. एक फाईल गेली म्हणून सगळा पुरावा जात नाही.

लेखी नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे दार आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले, मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. अंतिम नकारानंतर साधारण सहा महिन्यांत तिथे जावे लागते. उशीर झाला तर सबळ कारण द्यावे लागते. म्हणून नकाराचे पत्र मिळालेल्या तारखेसह जपा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सैनिकाच्या पत्नीने हे विशेष ध्यानात ठेवावे.

या न्यायाधिकरणाने युद्धाच्या नोंदी दुरुस्त करायला लावल्याचे उदाहरणही आहे. कारगिलमध्ये बटालिक भागात ब्रिगेडियर देविंदरसिंग यांनी ७० इन्फंट्री ब्रिगेडचे नेतृत्व केले. त्यांच्या युद्धातल्या कामगिरीची नोंद पक्षपाताने झाली, असा निर्णय न्यायाधिकरणाने २०१० मध्ये दिला. लढाईनंतर अकरा वर्षांनी. त्यातून त्यांना मोठे शौर्यपदक मिळाले नाही, हेही सांगायला हवे. पण इतिहासाच्या कागदावरची चूक ही चूक म्हणून नोंदली गेली.

आपल्या मराठी मातीतले उदाहरण मुरलीकांत पेटकरांचे. सांगली जिल्ह्यातला हा ई.एम.ई.चा जवान १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून कायमचा अपंग झाला. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्ण. १९८० च्या दशकात त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये आणि जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीत. ते सन्मान म्हणजे लढाईची पदके नव्हेत, पण देशाकडून राहून गेलेली गोष्ट उशिरा का होईना पुरी होते, हे त्यातून दिसते.

काही गोष्टी टाळा. ‘पदक काढून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका, या अर्जाला दलाल लागत नाही. बाजारात पदके विकत मिळतात, ती छातीवर लावू नका. त्याने खऱ्या हक्काचीच शंका येते. मिळालेले पदक हरवले असेल तर पोलिसांत नोंद करा आणि त्या प्रतीसह रेकॉर्ड ऑफिसकडे दुसऱ्या पदकासाठी रीतसर अर्ज करा. सैनिक हयात नसतील तर पत्नी किंवा कायदेशीर वारस अर्ज करू शकतात. त्याच वेळी पी.पी.ओ.मध्ये पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, हेही पाहून घ्या. पदकाने घरात पैसे येतीलच असे नाही, पण पी.पी.ओ.तल्या चुकीमुळे कुटुंब पेन्शन अडते.

गावातल्या शिकलेल्या पोरांनो, तुमच्याकडे मोबाईल आहे, अर्ज टाईप करता येतो, टपाल पाठवता येते. शेजारच्या आजोबांसाठी दोन रविवार द्या. ग्रामपंचायतीने गावातल्या माजी सैनिकांची यादी करावी : नाव, पलटण, कोणत्या मोहिमेत होते, कोणती नोंद राहिली. १६ डिसेंबरला आणि २६ जुलैच्या कारगिल विजय दिनी शाल-श्रीफळ देताना त्या यादीतला एक तरी अर्ज पुढे गेला का, हे विचारावे.

आणि आजोबा, तुम्हाला एवढेच सांगणे आहे की हे मागणे म्हणजे याचना नाही. तुम्ही केलेली नोकरी कागदावर खरी लिहिली जावी, एवढीच ही मागणी आहे आणि तो तुमचा अधिकार आहे. या आठवड्यात पेटी उघडा, डिस्चार्ज बुक बाहेर काढा आणि नातवाला जवळ बसवून पहिली ओळ लिहायला सांगा.