खिडकीतले मातीचे बैल

शाळा आणि समाज

पोळा होऊन दोन-चार दिवस लोटले असता मारेगाव तालुक्यातील एका कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला, आणि तिसरी-चौथीच्या मुलांच्या चित्रकलेच्या वह्या मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे ठेवण्यात आल्या. जवळजवळ प्रत्येक वहीत दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी आणि तिच्या काठी वाकलेला एक नारळ होता. साग आणि पळसाच्या रानात वाढणाऱ्या या मुलांच्या हाती हा नारळ कोणी दिला असावा, असा विचार करीत असतानाच माझी दृष्टी खिडकीकडे गेली. तेथे काळ्या मातीची एक बैलजोडी वाळत ठेवलेली होती. वशिंडाचा उठाव, गळ्याखालची लोंबती पोळी, जुवाखाली किंचित झुकलेली मान हे सारे इतके यथातथ्य होते की, करणाऱ्याने बैल पुष्कळ दिवस न्याहाळला असला पाहिजे, याविषयी संशय उरू नये. नारळाखाली ‘छान’ असा शेरा होता. बैलांना शेरा देण्याची तजवीज शाळेच्या कोणत्याच दप्तरात नव्हती.

चित्रकला म्हटले की आपल्या पालकवर्गाला प्रथम आठवते ती शासकीय रेखाकला परीक्षा. १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेच्या धर्तीवर जी शिस्त या देशी रुजविली, तिचाच वारसा सांगणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षा आज कला संचालनालयाच्या देखरेखीखाली होतात, आणि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन ही त्यांची अंगे आहेत. या विषयांना नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. समोरचा तांब्या आपल्याला ठाऊक आहे तसा न काढता दिसतो तसा काढणे ही डोळ्यांची मोठीच साधना होय. परंतु आठवी-नववीच्या मुलापाशी ही परीक्षा एकाएकी जे मागते, ते त्याच्या हाताला पहिलीपासून कोणी दिलेलेच नसते. आणि मग इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला मिळणारे ७, ५ वा ३ वाढीव गुण पदरात पाडून घेण्यासाठी तांब्याही पाठ केला जातो, त्याची छायाही पाठ केली जाते, आणि चौथीतल्या नारळाच्या जागी नववीत पाठ केलेली नक्षी येते, इतकेच.

या उणिवेचे मूळ बरेचसे कायद्याच्या कलमांतही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे खरी, पण ती सहावी ते आठवीपुरती, आणि तीही पटसंख्या शंभरावर असेल तेथेच; म्हणजे पोडावरच्या वा तांड्यावरच्या चिमुकल्या शाळेचा त्या तरतुदीशी संबंधच येत नाही. ज्या वयात मूल बोलण्याच्याही आधी भिंतीवर रेघोट्या ओढते, त्या वयाला शिक्षक नाही; आणि जेव्हा लाजेने त्याचा हात आखडू लागतो, तेव्हा मात्र परीक्षेचा अर्ज त्याच्यापुढे येतो.

याहून निराळा प्रयोग आपल्यापासून फार दूर झाला होता असेही नाही. वर्धा नदी ओलांडली की सेवाग्राम येते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीम निघाली, आणि तिच्या शाळेत शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद हे १९४४ पासून १९६२ पर्यंत कलाशिक्षक होते. कला हा वेळापत्रकाच्या शेपटास लावायचा विषय नसून शिक्षणाचा पायाच आहे, या विचारावर त्यांनी पुढे ग्रंथ लिहिला. नदीपलीकडचा तो विचार अलीकडे फारसा उतरला नाही, हे आपले दुर्दैव.

वास्तविक त्याला येथे भूमी तयार होती. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर बंजारा स्त्री घागऱ्यावर आणि कांचळीवर आरसे बसविताना जी सममिती साधते, तीच आठवीच्या संकल्पचित्रात आपण खडूने फळ्यावर काढून शिकवितो. कोलाम माणूस बांबूच्या कामट्या एक वर, एक खाली घेत टोपली वळतो, तेव्हा भूमितीतील आवर्तन त्याच्या बोटांतून चाललेले असते. रंगपेट्यांना पैसा कोठून आणावा, असे कोणी विचारील, तर वणीच्या बाजूस भूगर्भातून कोळसाही निघतो आणि चुनखडीही, आणि पळसफुलांचा केशरी रंग होळीला पोरे आपण होऊनच काढतात. मग अंगणवाडीत माती आणि कोळसा द्यावा, प्राथमिक वर्गांत घरातील एकेक वस्तू समोर ठेवून काढावयास लावावी, उच्च प्राथमिक वर्गांत टोपलीच्या विणीतून भूमितीकडे न्यावे आणि माध्यमिक शाळेत गावच्या बाजाराची पाटी किंवा ग्रामसभेचे भित्तिपत्रक मुलांकडूनच रचून घ्यावे. असा क्रम लागला, तर रेखाकला परीक्षा त्या वाटेवरचा एक मुक्काम ठरेल.

जिल्हा परिषदेपाशी यासाठी माझे मागणे दोनच कलमांचे आहे. प्रत्येक केंद्रातील लहान शाळांसाठी मिळून एक फिरता कलाशिक्षक नेमावा. आणि पंधरवड्यातून एकदा गावातील टोपली वळणारा वा कशिदा काढणारी शाळेत बोलावून, त्यांस रीतसर मानधन देऊन, त्यांचा तास हजेरीपटावर धरावा. एवढ्याला मंजुरी मिळेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. खिडकीतले ते बैल उचलून टेबलावर ठेवावेत, त्यांचेच वस्तुचित्र वर्गाकडून काढून घ्यावे, आणि ज्याने ते केले त्याला, मानेला बाक कसा आणला, हे चार मुलांना सांगू द्यावे. शेरा मागाहून लिहिता येईल.

— बोरू