लेकराचा दमा आणि पाठीवरचा लेप

भर उन्हाळ्यात चीनमधल्या दवाखान्यांपुढे आयांची रांग लागते. पोर हुंदडत असते, खोकला नाही की धाप नाही. तरी आई त्याचा सदरा वर करते आणि वैद्य दोन्ही फऱ्यांच्या मध्ये औषधाच्या छोट्या टिकल्या चिकटवतो. हा उपाय असतो येत्या हिवाळ्यातल्या दम्यावर!

थंडीत उफाळणारे दुखणे उन्हाळ्यातच गाठावे, अशी तिकडची जुनी समजूत. पावसाआधी आपण घर शाकारतो ना, तसेच हे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतचे उकाड्याचे तीन टप्पे त्यांच्या पंचांगात ठरलेले असतात. त्यांना 'सान्फू' म्हणतात. प्रत्येक टप्प्याला एक लेप, आणि असे ओळीने दोन-तीन उन्हाळे. आपल्याकडे मृग लागला की हैदराबादेत दमेकऱ्यांना औषध घातलेला जिवंत मासा गिळवतात, तसाच हाही तिथीचा उपाय. चांग लू या वैद्याने १६९५ च्या ग्रंथात कृती दिली आहे. पांढरी मोहरी आणि आणखी तीन वनस्पतींची पूड आल्याच्या रसात कालवायची.

मोहरी आणि आले तर आपल्याही घरात आहे, पाहावे का करून? बायांनो, ते मात्र करू नका. ओली मोहरी वाटली की तिच्यातले झोंबरे द्रव्य सुटते. लेप चढतो तो त्याच्याच जोरावर, आणि कातडी भाजते तीही त्यानेच. लहान मुलाची कातडी केवढी नाजूक! तिकडचे वैद्यसुद्धा मुलांचा लेप लवकर काढतात, तरी कधी कधी फोड येतातच. बाकीच्यांपैकी शिशिन या वनस्पतीत मूत्रपिंडाला अपाय करणारे द्रव्य असते, आणि कान्सुई तर आपल्या शेराच्या कुळातली, विषारीच.

गुण येतो का? मुलांना धाप कमी लागली, असे तिकडच्या बऱ्याच पाहण्यांत म्हटले आहे. पण खरा लेप झोंबतो, खोटा झोंबत नाही. कोणाला काय लावले हे आईलाही कळते आणि वैद्यालाही. मग त्या निकालावर किती विसंबायचे? माझे मत विचाराल तर, डॉक्टरांचे औषध चालू ठेवून कोणी जाणत्याकडून लेप घेत असेल तर तो त्याचा प्रश्न. लेपाच्या भरवशावर रोजचा पंप बंद करणे मात्र जिवाशी खेळ आहे. पंपाची सवय लागते, ही गावोगावची भीती खोटी आहे. त्यातले औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून तर ते थोडेसेच पुरते.

मूल श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, त्याला बोलता किंवा पिता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लेप नको, शेक नको. डॉक्टरांनी धापेसाठी दिलेला पंप द्या आणि लगेच गाडी काढा.

लहान मुलाला पंप नळकांड्यातून, म्हणजे स्पेसरमधून द्यावा. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंड येते.