पन्नाशीपुढील स्त्रियांची उपेक्षा

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली शहरातील गरीब वस्त्यांतून एक प्रयोग हाती घेतला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया त्यात होत्या. यंत्रसामग्रीचा बडेजाव नव्हता. निम्म्या वस्त्यांतून प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी करावयाची व संशय येताच रुग्णालयाकडे धाडावयाचे, एवढीच योजना. वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. सर्व वयांचा एकत्रित विचार करता मृत्यूंतील घट निर्विवाद ठरली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. जेथे लाभ अधिक, तेथे लक्ष अधिक हवे, हा याचा सरळ अर्थ होय.

प्रत्यक्षात काय घडले? ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे धोरण केंद्र सरकारने २०१६ साली आखले. तथापि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी करून घेतलेल्या शेकडा एकही भरल्या नाहीत. आणि पन्नाशीपुढील? त्यांना हा प्रश्न विचारण्यातच आला नाही! त्याच पाहणीत वृद्धांचा रक्तदाब मोजला गेला, रक्तातील साखरही पाहिली गेली. मग हा एकच प्रश्न ४९व्या वर्षी का अडावा? ज्यांची मोजदादच नाही, त्यांची उपेक्षा कोणाच्या डोळ्यांत सलणार?

परंतु सारा दोष सरकारच्या माथी मारून आम्हां सुशिक्षितांस मोकळे होता येणार नाही. वडिलांच्या रक्तदाबाची नोंद ठेवणाऱ्या किती घरांत आईला या तपासणीविषयी विचारले जाते? प्रारंभीची गाठ बहुधा दुखत नाही. आणि जे दुखत नाही ते सांगावयाचे नाही, ही आमच्या मातांची रीत. संकोच, खर्चाची धास्ती आणि ‘या वयात आता कशाला’ हे पालुपद यांत मोलाचे महिने निघून जातात. वास्तविक वाढत्या वयाबरोबर हा धोका कमी होत नाही, तो वाढतो. शिवाय प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. तपासणीने पुष्कळदा निर्धास्तपणाच पदरी पडतो.

आमच्या मते दोन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. यापुढील प्रत्येक पाहणीत पन्नाशीपुढील स्त्रियांची गणना व्हावी; आणि आरोग्यसेविका त्यांच्या दारी जावी, मात्र संशय आल्यास पुढील निदान व उपचार कोठे होतील याची निश्चिती आधी करून. उपचाराविना तपासणी ही केवळ भीतीची वाटणी ठरेल. तिसरी गोष्ट सरकारच्या हातची नाही. ती घरातील मुलाने व सुनेने करावयाची आहे : आज संध्याकाळी आईला विचारावयाचे, आणि तिच्यासोबत जावयाचे.