दुसरे मत

हलका धान कापून झाला आहे, भारी धान अजून बांध्यांत उभा आहे आणि गावोगावी मंडईच्या तारखा ठरू लागल्या आहेत. दिवाळी आटोपली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात रोज कुठे ना कुठे मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, घरात पाहुण्यांना बसायला जागा नाही. अशा आनंदाच्या दिवसांत हाती पडणाऱ्या या अंकाची सुरुवात आम्ही एका पराभवाने करीत आहोत. तो पराभव आपल्याच भागात झाला आणि आपण त्याची आठवण फारशी जपली नाही, याची आम्हाला बोच आहे.

साल 1954. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता आणि भंडारा जुन्या मध्य प्रदेशात. भंडारा लोकसभा मतदारसंघातून दोन खासदार निवडून जात. त्यांतली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने इथली आधीची निवडणूक रद्द ठरवली. विजयी उमेदवार चतुर्भुज जसानी बिडीच्या ज्या व्यवसायात भागीदार होते, त्याचा सरकारशी पुरवठ्याचा करार होता, हे एक कारण. दुसरे कारण आम्हाला अधिक मोलाचे वाटते. गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळला गेला होता, कारण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. पंथ बदलला म्हणजे माणूस आपल्या मूळ समाजातून बाहेर पडतो का? न्यायमूर्ती विवियन बोस यांनी निकालपत्रात या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आणि ठवरे यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेल्याचा निर्णय दिला. माणसाने काय मानावे आणि त्याचे नागरिक म्हणून असलेले स्थान काय, या दोहोंचा संबंध देशाच्या सर्वोच्च न्यायालयात तपासला गेला तो आपल्या मतदारसंघाच्या निमित्ताने.

मग पोटनिवडणूक लागली आणि राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वय 63. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर थकलेले. राज्यसभेचे सदस्यत्व हाती असूनही त्यांना थेट लोकांच्या मतांवर लोकसभेत जायचे होते. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले होते. सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहता यांनी जिंकली. चरित्रग्रंथांत या निवडणुकीला जेमतेम परिच्छेदभर जागा मिळते.

त्या काळच्या द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. राखीव जागा आधी भरली जाई. उरलेली जागा उरलेल्यांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्याची, मग तो कोणत्याही जातीचा असो. म्हणजे आपल्या माणसाला एक मत देऊन दुसरे कोणालाच दिले नाही, तर सर्वसाधारण जागेचे उमेदवार मागे पडण्याची आणि आपला माणूस त्या जागेवरून तरी निवडून येण्याची शक्यता वाढे. याला ‘मत कुजवणे’ म्हणत. 1952 मध्ये मुंबईत बाबासाहेब हरले होते, तेव्हा आपल्याविरुद्ध मते कुजवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार त्यांनी आणि अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक न्यायाधिकरणाकडे नेली होती. भंडाऱ्यात कार्यकर्त्यांनी हाच मार्ग सुचवला आणि बाबासाहेबांनी तो साफ नाकारला, अशी आठवण त्या निवडणुकीत वावरलेल्यांनी लिहून ठेवली आहे. ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवायला सांगायचे नाही. हरलो तरी चालेल, अशी त्यांची भूमिका होती.

या नकारापाशी आम्ही वारंवार थांबतो. उदारमतवाद म्हटले की आपल्याला आगरकर आठवतात, रानडे, गोखले आठवतात, मिल आणि स्पेन्सर आठवतात. आंबेडकरांना त्या पंक्तीत बसवताना अजूनही अनेकांचा हात अडखळतो. त्यांना एका समाजाचे नेते म्हणून मोकळे होणे सोपे जाते. खरे तर कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युईंकडे शिकलेल्या या माणसाने व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार मिलच्या पुढे नेला. मिलला काळजी बोलण्याच्या मोकळिकीची होती. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जमलेल्या लोकांना आधी पाण्याची मोकळीक हवी होती. आपला जिल्हा तळ्यांचा. नवेगावबांधपासून गावागावच्या बोड्यांपर्यंत इथे शेती तळ्यावर चालते, आणि तळ्याच्या कोणत्या घाटावर कोणी उतरायचे याचे नियम आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. चवदार तळ्याचा अर्थ आपल्याला समजावून सांगावा लागू नये.

4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी गावाऐवजी व्यक्ती हा घटनेचा पाया मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. आम्ही गावावर जीव टाकणारी माणसे. हा अंकही गावाच्या मंडईतून उभा राहतो. ते भाषण वाचताना आम्हाला प्रथम राग आला होता, हे लपवायचे नाही. मग मंडईच्याच जुन्या गोष्टी आठवल्या. कोणाची दंडार कुठवर यायची, नाटकाला कोण पुढे बसायचे, कोण मागे उभे राहायचे. त्या आठवल्यावर राग टिकला नाही.

भंडाऱ्याच्या पराभवानंतर काही महिन्यांनी, 3 ऑक्टोबर 1954 रोजी, आकाशवाणीवरून त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतली नसून बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे त्यांनी स्पष्ट केले. त्यातही सर्वांत वरचे स्थान दिले बंधुतेला. स्वातंत्र्य आणि समता मोडली गेली तर कायदा दाद देऊ शकतो, पण ती टिकण्याची हमी कायदा देऊ शकत नाही. ती बंधुताच देते, असा त्यांचा विश्वास होता. हे बोलणारा माणूस घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता, आणि ज्या मतदारांनी त्याला नाकारले त्यांचे दुसरे मतही त्याने नुकतेच जपले होते. दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्याच वर्षी 6 डिसेंबरला ते गेले.

द्विसदस्य मतदारसंघ 1961 च्या कायद्याने संपले. आता आपल्याला लोकसभेसाठी एकच मत आहे. 1954 मध्ये मतदानाचे वय 21 होते, त्यामुळे तेव्हाचा सर्वांत तरुण मतदारही आज नव्वदीच्या पुढे गेला आहे. तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव, सालेकसा, देवरी, कुठल्याही गावात असे कोणी आजोबा किंवा आजी असतील, तर या दिवाळीत त्यांच्यापाशी बसा. बाबासाहेबांची सभा त्यांनी ऐकली का, पेटीत दोन मते टाकताना मनात काय होते, दुसरे मत कोणाला दिले, हे विचारा. जसे सांगतील तसे, झाडीबोलीत, पोवारीत, गोंडीत, लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाची पहिली पाने आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.